ऑइल लीक – नाही

मुंबई एअरपोर्ट प्रायव्हेट झालं म्हणजे नेमकं काय झालं असं विचारलं की लोक टी-टू टर्मिनलचे खांब आणि भिंतींवरची कला सांगतात. 2006 च्या करारात साउथ आफ्रिकेची एअरपोर्ट कंपनी 10 टक्क्यांची भागीदार होती, कमाईतले 38.7 टक्के थेट सरकारी एअरपोर्ट ॲथॉरिटीला जायचे, हे सांगायला लागलं की जांभया. आणि रनवे? तो काय, असतोच.

मी त्या असतोच-वाल्या खात्यातला. पेव्हिंग सुपरवायझर.

मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, आजूबाजूला वस्ती, त्यामुळे वाढवायला जागा नाही, आहे तेच उकरून नवीन करायचं. आणि छेदावरचं डांबर काढायचं तर दोन्ही बंद. 2019 ला 7 फेब्रुवारी ते 30 मार्च, मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळी 11 ते संध्याकाळी 5, धुळवडीचा गुरुवार सोडून 22 दिवस. सहा तास ऐकायला भरपूर वाटतात पण त्यातच मिलिंग म्हणजे जुना थर खरवडणं, झाडणं, टॅक कोट म्हणजे नवा थर चिकटायला पातळ डांबर मारणं, पेव्हरने नवा थर पसरणं, रोलिंग, जुन्या-नव्याच्या जोडावर उतार, मग टँकरने पाणी मारून थंड करणं, आणि शेवटी सगळ्यांनी एका ओळीत वाकून खडा न् खडा वेचणं. एक खडा इंजिनात गेला तर काय होतं ते सांगायला नको.

मार्चमधली ती दुपार. चारला दहा कमी. रोलरवरचा नांदेडचा पोरगा स्वतःच मशीन थांबवून खाली उतरला आणि हात वर करून उभा. हायड्रॉलिकचा पाइप फुटलेला, ताज्या डांबरावर दोन हात लांब काळा चकचकीत पट्टा. मी त्याला जे बोललो ते इथे टाइप करत नाही.

तेल डांबराला खातं. वरून पुसलं, दगडाची पावडर मारली तरी आतून मऊ पडतं, आणि त्यावरून विमानाची चाकं जाणार. सरळ चौकोन कापला, ब्रेकर लावून काढला, कडांना टॅक मारला. गरम डांबराचा शेवटचा डंपर गेटवर थांबवून ठेवायची आमच्या साहेबांची सवय, तिला आम्ही हसायचो. तापमान मोजायची गन लावली, ताडपत्रीखाली 146 डिग्री. जमलं. छोट्या रोलरने दाबून, पाणी मारून, 4:48 ला इन्स्पेक्शनची गाडी फिरली आणि पाचला रनवे परत. पहिलं विमान उतरलं तेव्हा मी पाणी पीत होतो, बघितलंसुद्धा नाही.

इथवर सगळं छानच. पुढचं मात्र अजून डोक्यात आहे.

रोलर भाड्याचा, ऑपरेटरसकट. एअरपोर्टचा कॉन्ट्रॅक्टर, त्याचा सब-कॉन्ट्रॅक्टर, त्याचा मशीनवाला, आणि शेवटी तो पोरगा, आमच्या धंद्यात सगळीकडे असंच, वरचा करार कितीही इंटरनॅशनल असू दे खाली उतरता उतरता तो असा होतो. रिपोर्टमध्ये सबवाल्याने लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. दुसऱ्या दिवशी त्याचा गेट पास जमा.

सकाळच्या चेकलिस्टवर त्याच रोलरपुढे 'ऑइल लीक – नाही' असा टिक आहे, खाली सही माझी. त्या दिवशी डंपर तपासणीत अडकले होते, मी गेटवर फोनवर ओरडत होतो आणि सहा मशिनींच्या टिका एका दमात मारल्या. पोरगा म्हणाला होता, साहेब पाइप घामेजलाय. म्हणजे मला तसं ऐकू आल्यासारखं आठवतं. की नंतर मीच जुळवलं, देव जाणे. रिपोर्टवर माझीही सही लागली, मी केली.

तो गप्प बसून वरून दोन फेऱ्या मारू शकला असता. कोणाला कळलं नसतं, निदान त्या दिवशी.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, हायवेच्या कामावर रोलरच चालवतो. दादा, एअरपोर्टचं एक्स्पिरियन्स लेटर मिळेल का? बघतो म्हणालो. लेटर द्यायचा अधिकार सबवाल्याला, मला नाही, हे खरंय. पण सबवाल्याला फोन मी अजून लावलेला नाही.