अडतीस दिवस बिनमाशांची टाकी

गेल्या वर्षी जूनमध्ये लेकीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येक मुलाला दोन गोल्डफिश मिळाले. काचेचं गोल भांडं, तळाला निळे खडे आणि खाण्याची एक पुडी. भांड्यात जेमतेम चार लिटर पाणी. ज्या दुकानातून ते आले होते तिथे मी मुद्दाम जाऊन विचारलं. "रोज पाणी बदला, चिमूटभर खायला घाला, बाकी काही नाही," असं उत्तर मिळालं. आम्ही अगदी मनापासून तेच केलं. रोज सकाळी सगळं पाणी ओतायचं आणि नळाखाली भांडं भरायचं. पाचव्या दिवशी एक मासा तळाशी आडवा पडला होता. दुसरा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत राहिला आणि नवव्या दिवशी गेला.

आठ वर्षांच्या मुलीला "मासे असेच मरतात गं" असं सांगणं सोपं होतं. मला ते जमलं नाही. ते असेच मेले नव्हते, ते आमच्या हातून मेले होते. तेव्हा ठरवलं की पुन्हा मासा आणायचा तर आधी समजून घ्यायचं.

पहिला धक्का गोल्डफिशचाच बसला. हा मासा रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातला. दुकानात दिसतो तो बोटभर असतो, ते त्याचं पिल्लूपण. साधा किंवा लांब शेपटीचा कॉमेट गोल्डफिश मोठ्या जागेत वीतभर होतो, त्याहून मोठाही होतो, आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. त्याला जठर नसतं, दिवसभर खात राहतो आणि घाणही तितकीच करतो. त्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो. चार लिटरांत दोन गोल्डफिश म्हणजे त्यांना त्यांच्याच विषात कोंडणं. त्यावर आम्ही रोज नळाचं क्लोरीनवालं पाणी थेट ओतत होतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग घरात कोणता मासा आणायचा याच्या चर्चा सुरू झाल्या. सासऱ्यांना फ्लॉवरहॉर्न हवा होता, वास्तूसाठी शुभ म्हणून. त्यांच्या शब्दाचा मान होता, पण तो संकरित मासा फूटभर वाढतो, दुसऱ्या माशाला टाकीत टिकू देत नाही आणि त्याला एकट्याला चार फुटी टाकी लागते. आमच्या हॉलमध्ये दोन फुटांच्या वर जागा नव्हती. आकडे दाखवल्यावर त्यांनीच विषय सोडला. नवऱ्याला निऑन टेट्रा आवडले होते. निळी-लाल रेघ फारच सुंदर दिसते, पण हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मासे, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या आणि किंचित आम्ल पाण्याचे. मला सगळ्यात स्वस्त आणि काटक म्हणून गप्पी सुचले. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे आपण लहानपणापासून भिंतींवर वाचत आलोय. पण गप्पीची मादी दर महिन्याला वीस-तीस जिवंत पिल्लं देते, आणि नर काढून टाकला तरी साठवलेल्या बीजावर पुढचे काही महिने देतच राहते. त्या पिल्लांचं करायचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ओढ्यात सोडणं हे उत्तर नाही.

हे मी ठासून सांगते, कारण दुकानात आम्हाला 'काच साफ करणारा' म्हणून एक सकर मासा फुकट देऊ केला होता. तो बोटाएवढा काळा मासा वाढत वाढत फूट-दीड फुटांचा होतो. मग लोक कंटाळून त्याला नदीत सोडतात. आज उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही. परक्या देशातला हा मासा भीमेत काही पोहत आलेला नाही. तो कुणाच्या तरी हॉलमधून आलाय.

लेकीला मात्र एकच मासा हवा होता, फायटर. त्याच्याकडे नंतर येते.

या सगळ्या गोंधळात एक वाक्य वाचनात आलं आणि दिशा मिळाली: मासा निवडायच्या आधी आपल्या घरचं पाणी तपासा. आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला आहे. पावसाळा-हिवाळ्यात महापालिकेचं धरणाचं पाणी येतं, ते बऱ्यापैकी मऊ. एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू होतात, म्हणजे बोअरचं जड, जास्त क्षारांचं पाणी. टेस्ट किट आणलं, ते काचेच्या टाकीपेक्षा महाग पडलं. नळाच्या पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध) ७.२ आला आणि टँकरच्या पाण्याचा ८.२. म्हणजे आम्हाला असा मासा हवा होता जो ही दोन्ही पाणी सोसेल आणि डिसेंबरच्या थंडीतही टिकेल. तसा मासा आपल्याच देशातल्या ओढ्यांत राहतो: झेब्रा डॅनिओ. दीड-दोन इंच लांब, अंगावर निळ्या-रुपेरी पट्ट्या, थव्याने राहणारा आणि काटक. जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधनही चालतं. दुकानात तो एका कोपऱ्यात असतो, कोणी बघत नाही.

जुलैअखेर दोन फुटी टाकी मांडली. २४ बाय १२ बाय १२ इंच, भरल्यावर प्रत्यक्षात ४५ लिटर पाणी. खडी आणि स्टँड धरून सत्तर किलोच्या आसपास वजन, म्हणून भिंतीला लागून ठेवली आणि खाली थर्मोकोल घातला. स्पंज फिल्टर, एअर पंप, वर झाकण, कारण डॅनिओ उड्या मारतात. पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब टाकले. आणि मग मासे न आणता आम्ही वाट बघायला लागलो.

या भागाबद्दल दुकानात मला कोणीच सांगितलं नव्हतं. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर हळूहळू वाढतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मासे पुष्कळ सहन करू शकतात आणि पाणी बदलून कमी करता येतं. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि जिवाणू वाढायचे तर त्यांनाही खाद्य हवं. म्हणून आम्ही रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकीत टाकायचो, ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून.

"आई, रिकाम्या टाकीला आपण रोज जेवायला का घालतो?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, आत न दिसणारे कोणीतरी राहायला येतायत, त्यांचं जेवण आहे. तिला ते पटलं. तिने वहीत रकाने आखले आणि रोज संध्याकाळी परीक्षानळीत थेंब मोजणं हे तिचं काम झालं.

सहाव्या दिवशी अमोनियाच्या नळीतलं पिवळं पाणी हिरवं झालं, म्हणजे अमोनिया २ पीपीएम, दहा लाख भागांत दोन. चौदाव्या दिवशी नायट्राइटची नळी पहिल्यांदा जांभळी झाली, म्हणजे नायट्राइट तयार व्हायला लागलं. पुढे जवळजवळ तीन आठवडे ती जांभळीच राहिली. हा काळ फार जड गेला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "मासे कुठायत?" शेजारच्या काकू प्रेमाने म्हणाल्या की दोन टाकून तर बघा. तेवीसाव्या दिवशी लेक रडली आणि मीही डळमळले. मग तिनेच वही काढली, जांभळा रकाना बघितला आणि म्हणाली, "आत्ता टाकले तर ते परत धापा टाकतील ना?" त्यानंतर मी घाई केली नाही.

अडतीसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेटची नळी नारिंगी-लाल, म्हणजे साखळी बसली. अर्ध्याहून जास्त पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी आठ डॅनिओ आणले. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग वाटीवाटीने टाकीचं पाणी पिशवीत घातलं आणि मासे जाळीने आत सोडले. पिशवीतलं पाणी ओतून दिलं. पाच मिनिटं ते कोपऱ्यात गोळा होऊन थांबले आणि मग एकदम सगळे एका रेषेत सुटले. लेक रात्री जेवायला उठेना.

तीन आठवड्यांनी तळाशी वावरणारे सहा कोरीडोरस आणले. ते मिशांनी तळ हुंगतात, म्हणून आधी खडी काढून बारीक वाळू घातली. जानेवारीत पाण्याचं तापमान सकाळी २० अंशांवर आलं तरी सगळे ठीक होते. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले तेव्हा मात्र मी सावध होते. पीएच एक अंकाने वाढला तर तेवढाच अमोनिया साधारण दहापट घातक होतो. म्हणून आठवड्याला पाव टाकी बदलण्याऐवजी दोन वेळा थोडं थोडं बदललं. स्पंज कधीही नळाखाली धुतला नाही, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळला, नाहीतर क्लोरीनने ते जिवाणू मरतात. चौदाच्या चौदा मासे आहेत.

आता फायटर. हा थायलंडचा मासा, त्या देशाने २०१९मध्ये त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं. वरची हवा श्वासात घेता येईल असा वेगळा अवयव त्याच्या डोक्यात असतो, म्हणून तो दुकानातल्या प्लास्टिकच्या पेल्यात जिवंत दिसतो. पण तो तिथे फक्त तग धरून असतो. त्याला २५-२८ अंशांचं उबदार पाणी लागतं, संथ फिल्टर लागतो आणि स्वतःची जागा लागते. डॅनिओंच्या धावपळीत त्याला ठेवणं बरोबर नाही. म्हणून लेकीच्या टेबलावर वीस लिटरची वेगळी टाकी आली आहे. २५ वॉटचा हीटर लावलाय, आणि जुन्या फिल्टरचा अर्धा स्पंज कापून नव्यात बसवलाय, म्हणजे या वेळी जिवाणू तयारच आले.

आज नववा दिवस. अमोनिया कालच शून्यावर आला, नायट्राइटची नळी अजून फिकट जांभळी आहे. वहीत पुढचे दहा रकाने लेकीने आखून ठेवलेत, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने एक निळा मासा काढलाय.