वेल्समधलं दगडी शेतघर: वय छपरात शोधा

दगडी घर दिसलं की नजर आधी भिंतीकडे जाते. वेल्समधल्या जुन्या शेतघरांच्या बाबतीत नेमकी तिथेच फसगत होते. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात किलेवेंट नावाचं घर आहे, रॅडनरशायरच्या क्लेरवेन खोऱ्यातून आणून पुन्हा उभारलेलं. एकाच छपराखाली एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, दार मात्र दोघांना एकच. बाहेरून सगळा दगड. पण ही दगडी भिंत आली 1734 साली. मूळ घर 1470 च्या सुमाराचं, लाकडी भिंतींचं.

हे जमलं ते क्रक या लाकडी चौकटीमुळे. बाक असलेलं ओकचं खोड उभं चिरलं की दोन सारख्या पात्या मिळतात. त्या समोरासमोर उभ्या करून माथ्याशी जोडायच्या. छपराचा भार त्यांच्यावाटे थेट पायापर्यंत उतरतो, भिंतीवर येतच नाही. त्यामुळे कुजलेली भिंत काढून दगडी घालताना छप्पर उतरवावं लागत नाही. मला ही रचना फार हुशारीची वाटते.

म्हणून असं घर तपासताना आधी माळ्यावर चढावं. जुन्या घरात मधोमध उघडी चूल असे आणि धूर छपरातून बाहेर पडे. सोळाव्या-सतराव्या शतकात अशा अनेक घरांत धुराडं बांधलं गेलं, वर पाटणी पडून मजला झाला. पाटणीच्या वरचे वासे काजळीने काळे आणि पाटणीच्या तुळया स्वच्छ असतील, तर मजला नंतरचा. पण एकटा काळा वासा पुरावा नव्हे. तो दुसऱ्या घरातून आणलेलाही असू शकतो. खुंट्यांची भोकं शेजारच्या लाकडाशी जुळतात का, सुतारांनी कोरलेले रोमन आकडे क्रमाने लागतात का, हे बघा. मग भिंतीकडे या. दगडांची गुंफण तुटून सरळ उभी रेघ दिसली, तर तिथून पुढचं घर वाढवलेलं आहे किंवा तिथे एखादं दार बुजवलेलं आहे.

वायव्य वेल्समधल्या एरीरीच्या (स्नोडोनियाच्या) डोंगराळ भागात मात्र वेगळं. तिथल्या वाउनवाउरहून याच संग्रहालयात आणलेलं 1544 चं गारेग वाउर हे घर पहिल्यापासून दगडी आणि धुराड्याचं. काजळीची खूण तिथे उपयोगाची नाही.

आता दुरुस्ती. भिंत साधारण 60 ते 75 सेंटिमीटर जाड: दोन्ही अंगांना दगड, मध्ये खडी-मातीचा भराव. पावसाचं पाणी आत शिरतं आणि चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, वाळून जातं. दर्जा सिमेंटने भरल्या की बारीक भेगांतून पाणी येतंच, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. भराव ओला राहतो आणि भिंतीत गाडलेला क्रकचा पाय कुजतो. घरातलं सगळ्यात जुनं लाकूड असं जातं.

सिमेंट छिन्नीने, हाताने काढा. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. दगड फुटत असेल तर तेवढं राहू द्या. दर्जा रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करा, झाडून ओली करा. एक भाग नैसर्गिक जलीय चुना (ओलाव्यातही पकडणारा; एनएचएल 3.5 ही प्रत) आणि अडीच ते तीन भाग भरड वाळू घ्या. एका थरात 20 मिलिमीटरपेक्षा जास्त भरू नका, नाहीतर आकसून तडे जातात. किंचित घट्ट झाल्यावर ताठ ब्रशने ठोका आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर काम नकोच. चुना पकडण्याआधी गोठला तर भुगा होतो. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झाली असेल, तर ती आधी खणून उतरवा.

क्रकचा पाय कुजला असेल तर सडका भाग तेवढाच कापून ओकचाच तुकडा सांध्याने जोडा. घर संरक्षित यादीत असेल, तर हात लावण्याआधी परवानगी लागते का, ते स्थानिक नियोजन कार्यालयाला विचारा. आणि वाशांवर सँडब्लास्टिंग अजिबात करू देऊ नका: लाकूड उजळतं, पण काजळी आणि सुतारांचे आकडे दोन्ही कायमचे जातात.