तुम्ही विचारलंत म्हणून: अप्पांना टीबीच होता ना?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात लग्नाला, बारशाला गेलं की कुणीतरी विचारतंच, "तुझ्या अप्पास्नी टीबी झालता नव्हं?" इतकी वर्षं मी मान हलवली. आता सांगतो. त्यांच्या थुंकीत टीबीचे जंतू एकदाही सापडले नाहीत.

बावीस वर्षं ते खाणीत कोरडं ड्रिल मारायचे. गारगोटीच्या दगडाची दिसते ती धूळ नाकाघशात अडकते. दिसत नाही ती फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथं गाठी धरतात. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. छातीच्या फोटोत तो टीबीसारखाच दिसतो आणि अशा माणसाला टीबीही लवकर धरतो, म्हणून डॉक्टरांना मी दोष देत नाही.

दोष माझा. 2011 च्या पावसाळ्यात, सहा महिन्यांच्या गोळ्या संपूनही दम वाढत गेला तेव्हा अप्पांना बेळगावला नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं फोटो खिडकीच्या उजेडात बराच वेळ धरला. मग विचारलं, "काका, काम काय करता?" अप्पांनी माझ्याकडं बघितलं. नखांच्या कडेला राखाडी रेघ होती, कितीही घासली तरी न जाणारी. "शेती," ते म्हणाले. डॉक्टर माझ्याकडं वळला. "शेतीच?" मी "हो" म्हटलं. फोटोचे पैसे खाणमालकानं दिले होते. धाकटा भाऊ त्याच्याच टिप्परवर होता. त्या 'हो'वर गोळ्यांचा दुसरा कोर्स सुरू झाला, आठ महिन्यांचा. दोन वर्षांनी अप्पा गेले.

खरं सांगितलं असतं तर वाचले असते? नाही. पण परत खाणीत तरी गेले नसते. मग घरात काय शिजलं असतं, असं तेव्हाचा मी विचारतो, आणि त्याला उत्तर द्यायला मला आजही जमत नाही. 1952 च्या खाण कायद्यात या रोगाची खबर सरकारला देणं बंधनकारक होतं. अप्पांचं नाव तर कुठल्या हजेरीवरच नव्हतं.

भाऊ आता ड्रिलवर आहे. पाण्याची धार सोडत ड्रिल मारलं तर धूळ जागेवरच बसते. उन्हाळ्यात टँकर येत नाही. पहाटे तो न्हाणीत खोकतो. चुलीपुढून आई विचारते, "थंडी बाधली काय रे?"

तो "हो" म्हणतो.