आमची वाटचाल : किलोमीटरपासून रबरी झाकणापर्यंत

वॉकी-टॉकी विकणे, भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे हा आमचा व्यवसाय. गिऱ्हाईक सगळे उघड्यावर काम करणारे: सर्वेक्षणवाले, वनीकरणवाले, गिरिभ्रमणाचे गट, खाणी आणि बांधकामे. सुरुवातीला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "किती किलोमीटर चालेल?" आणि आम्हीही खोक्यावरचा आकडा वाचून दाखवायचो. आता हा प्रश्न आम्ही शेवटी घेतो, कारण दुरुस्तीच्या टेबलावर येणारा सेट बहुधा सांध्यातून गेलेला असतो. पाणी आत शिरते ते रबरी झाकणातून, बॅटरी सुटते ती खटक्यातून, आवाज जातो तो पिनेतून.

तरी किलोमीटरचे गणित एकदाच मांडून ठेवावे. दोन्ही अँटेनांची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, प्रत्येकीचे वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि ४.१ ने गुणा. दोन माणसे सपाट मैदानात दीड-दीड मीटर उंचीवर सेट धरून उभी असतील, तर उत्तर येते साधारण १० किलोमीटर. ही क्षितिजाची मर्यादा झाली. मध्ये झाडे, टेकडी, इमारत आली की प्रत्यक्ष अंतर याच्या कितीतरी खाली येते. एक माणूस ३० मीटर उंचवट्यावर चढला, तर तेच उत्तर २७ किलोमीटरच्या पुढे जाते. वॅटने एवढे होत नाही. १ वॅटवरून ५ वॅटवर गेल्यास ७ डेसिबल मिळतात, म्हणजे पूर्ण मोकळ्या जागेतही अंतर जेमतेम सव्वादोन पट, आणि झाडीत त्याहून कमी. म्हणून जास्त वॅटचा सेट घेण्याआधी, उंचावर एक माणूस ठेवून निरोप पुढे देता येतो का, ते पाहावे.

आता सेट कोणत्या लहरींचा घ्यावा? मोकळे रान, डोंगरउतार आणि झाडी असेल तर व्हीएचएफ पट्टा (१३६ ते १७४ मेगाहर्ट्झ). इमारती, यंत्रे आणि लोखंड आजूबाजूला असेल तर यूएचएफ (साधारण ४०० ते ४७०). व्हीएचएफची अडचण अँटेनाच्या लांबीची. १५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ५० सेंटिमीटर होते, ४५० ला फक्त १७. त्यामुळे व्हीएचएफ सेटवरची बोटभर आखूड अँटेना म्हणजे गुंडाळलेली तडजोड असते. खिशात सोयीची वाटते, पण सिग्नल खाते. पट्ट्याला अडकवलेला सेट अंगामुळे आणखी मार खातो. ऐकू येत नाही अशी तक्रार आली, की सेट डोक्याच्या उंचीवर धरून, अँटेना उभी ठेवून पुन्हा बोलायला सांगतो. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

आता टिकाऊपणा. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी अडवण्याची प्रत. आयपी५४ आणि आयपी६७ हे आकडे सगळे वाचतात, अर्थ थोडेच पाहतात. पहिला आकडा धुळीचा: ५ म्हणजे थोडी धूळ आत जाईल पण काम अडणार नाही, ६ म्हणजे धूळ शिरणारच नाही. दुसरा पाण्याचा: ४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे, ७ म्हणजे १ मीटर खोलीवर ३० मिनिटे. इथे एक खोच आहे. ७ म्हणजे ५ आणि ६ आपोआप मिळाले असे नाही, कारण ते पाण्याच्या झोताचे आकडे आहेत आणि त्यांची चाचणी वेगळी. पाइपने धुतले जाणारे सेट हवे असतील तर लेबलवर आयपी६६ आणि आयपी६७ दोन्ही शोधा. शिवाय ही चाचणी नव्या सेटवर, गोड्या पाण्यात, सगळी झाकणे बंद ठेवून होते. समुद्राच्या पाण्यात पडलेला सेट आयपी६७ असला तरी लगेच गोड्या पाण्याने धुवायचाच, नाहीतर बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो.

मिल-एसटीडी-८१० चा शिक्का पाहून भुलू नये. हा अमेरिकी लष्कराचा चाचणीपद्धतींचा संग्रह आहे; त्यातल्या कोणत्या चाचण्या घेतल्या, ते उत्पादक ठरवतो. यादी मागा. पडण्याच्या नेहमीच्या चाचणीत १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडतात, प्रत्येक बाजू, कड आणि कोपऱ्यावर. पण पाडतात ते प्लायवुडवर, आणि २६ पतने पाच नगांत वाटून घ्यायला मुभा आहे. खडकावर पडणाऱ्या एकाच सेटला ही सवलत नसते.

आम्ही नमुना सेट हातात घेतल्यावर काय पाहतो? आधी बॅटरी बसवून ती दोन्ही बाजूंना पिळतो. खटका लागलेला असताना किंचितही हलत असेल तर तो सेट बाजूला, कारण धक्क्याने क्षणभर संपर्क तुटला की सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि वाक्य अर्धे जाते. मग हेडफोनच्या जागेवरचे रबरी झाकण. स्क्रूने बसणारे असेल तर उत्तम. नुसते दाबून बसणारे असेल तर ते उघडून मिटून पुन्हा पाहतो, कड दुमडते का ते. दोन पिनेचा साधा प्लग ओढला की निघतो, आणि तो लावलेला असताना झाकण उघडेच राहते, म्हणजे खोक्यावरचे आयपी तेव्हा लागू नाही. पावसात बाहेरचा माइक लावून काम करायचे असेल तर अनेक पिनांचा, स्क्रूने आवळणारा जोडच घ्यावा. शेवटी जाड हातमोजा घालून बोलण्याचे बटण आणि वरची खुंटी फिरवून पाहायची. खुंटी सहज फिरत असेल तर झुडपात चॅनेल बदलतो आणि माणसाला कळतही नाही.

पाण्याची चाचणी करायची तर बॅटरी, अँटेना, झाकण सगळे लावून बादलीत अर्धा तास. उन्हात तापलेला सेट मात्र थंड पाण्यात टाकू नका. आतली हवा आकसते आणि गास्केटच्या (सांध्यातल्या रबरी पट्टीच्या) फटीतून पाणी ओढून घेते; चांगला सेटही असा भिजतो. बाहेर काढल्यावर आवाज घुसमटला तर घाबरायचे कारण नाही, जाळीत पाणी साचलेले असते. जाळी खाली करून झटकायचे. उघडून दुरुस्त केलेला सेट दाबाची गळती-चाचणी झाल्याशिवाय जलरोधक म्हणून परत देऊ नये. गास्केटवर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पुरतो.

बॅटरीचा हिशेब ५-५-९० च्या रीतीने होतो: ५ टक्के वेळ बोलणे, ५ टक्के ऐकणे, ९० टक्के वाट पाहणे. बोलताना १.५ अँपिअर, ऐकताना ०.३५, शांत असताना ०.०७ धरले, तर सरासरी सुमारे ०.१५५ अँपिअर येते आणि २००० एमएएचची बॅटरी कागदावर १३ तास जाते. बोलणे २० टक्क्यांवर गेले, की हीच बॅटरी पाच-साडेपाच तासांत बसते. थंडीत क्षमता आणखी घटते, म्हणून जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात. शून्य अंशाखाली चार्जिंग करायचे नाही, पेशी कायमची बिघडते.

डिजिटल घ्यावे का? डीएमआर या डिजिटल पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये दोन संभाषणे बसतात आणि बोलताना निम्माच वेळ प्रक्षेपण चालू असल्याने बॅटरी वाचते. पण पल्ल्याच्या हद्दीवर अ‍ॅनालॉगमध्ये खरखरीतून शब्द लागतो, डिजिटलमध्ये आवाज एकदम तुटतो. आणि सीटीसीएसएस (बोलण्याबरोबर जाणारा ओळखीचा स्वर) म्हणजे गुप्तता नव्हे; तो ६७ ते २५४.१ हर्ट्झमधला स्वर फक्त दुसऱ्यांचे बोलणे आपल्या कानी पडू देत नाही. आपले बोलणे मात्र दुसरे ऐकू शकतात.

स्फोटक वायू असलेल्या जागी सेट आणि बॅटरी दोन्हींवर अशा जागेसाठीचे सुरक्षा प्रमाणपत्र हवे, एकावर असून चालत नाही. परवाना देशागणिक वेगळा. युरोपातल्या पीएमआर४४६ या विनापरवाना प्रकाराला अर्धा वॅट आणि न काढता येणारी अँटेना, एवढीच मुभा आहे.

दहा सेट देताना आमची पुडी ठरलेली आहे: २० बॅटऱ्या, ३ जादा अँटेना, ५ रबरी झाकणे आणि क्लिपचे स्क्रू. डास पळवणारे डीईईटीचे मलम हाताला लावले असेल तर सेट धरण्याआधी हात पुसायचे, त्याने प्लॅस्टिक मऊ पडते. अँटेनाला धरून सेट उचलायचा नाही. महिनाभर पडून राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरून, सेटपासून वेगळी करून ठेवायची.