घोडा नव्हे, घोडी

ब्राउन्सव्हिलजवळच्या त्या घरी मी दुसऱ्यांदा गेले, ती टाइप केलेले कागद घेऊन. टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या कोरिदोंवर, म्हणजे तिथल्या पोवाड्यांवरच म्हणा ना, आमच्या विभागाचं काम चालू होतं. रेकॉर्डिंग उतरवायचं, इंग्रजी तर्जुमा करायचा आणि गायकाला वाचून दाखवूनच जमा करायचा, एवढं माझ्याकडे. पहिल्या भेटीत त्या घरच्या गायक आजोबांनी बाहो सेस्तोवर, त्या बारा तारांच्या खर्जातल्या गिटारवर, ग्रेगोरिओ कोर्तेझचा कोरिदो गायला होता. गाण्याआधी सगळी हकिगतही सांगितली होती.

नात टेबलावर बीन्स निवडत होती. मी इंग्रजी वाचत होते. अर्ध्या पानावर आजोबांनी माझ्या कागदावर तळहात ठेवला.

"थांब, पोरी. तू त्याला खोटारडा केलंस."

मला कळेना. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. 12 जून 1901, कार्न्स काउंटी. घोडाचोराच्या मागावर असलेला शेरीफ मॉरिस कोर्तेझच्या दारात आला. सोबतच्या दुभाष्याने विचारलं, 'काबायो' बदलून दिलास का? कोर्तेझ म्हणाला, नाही. आणि ते खरंच होतं, कारण त्याने दिली होती 'येग्वा', घोडी. शेरीफच्या इंग्रजीत दोन्ही 'हॉर्स'. म्हणजे हा खोटं बोलतोय! पुढे गोळ्या सुटल्या, कोर्तेझचा भाऊ रोमाल्दो जखमी झाला, शेरीफ मेला. दहा दिवस पाठलाग, लारेडोजवळ अटक, मग खटल्यांमागून खटले. गव्हर्नरने माफी दिली ती थेट 1913 साली.

माझ्या कागदावर दोन्ही ठिकाणी 'हॉर्स' होतं.

ही गोष्ट मला नवी नव्हती, याचंच जास्त वाईट वाटलं. याच ब्राउन्सव्हिलमध्ये जन्मलेल्या लोकसाहित्याचे अभ्यासक अमेरिको पारेदेस यांनी 1958 सालच्या ग्रंथात तिचा कीस काढला आहे. रेंजर्सच्या, म्हणजे टेक्सासच्या सशस्त्र पोलीस दलाच्या, शौर्याने भरलेल्या इतिहासासमोर त्यांनी सीमेवरच्या लोकांनी गाण्यात जपलेली बाजू ठेवली. मी तो वाचला होता, त्यावर टिपणं काढली होती. आणि माझी मायबोली मराठी! बैल विकलास का म्हणून विचारलं, तर गाय विकलेला शेतकरी 'नाही' असंच म्हणेल, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी इंग्रजीत लिहिताना माझा हात त्या दुभाष्यासारखाच चालला. सेमिनारमध्ये आम्ही 'सांस्कृतिक ओळख' हा शब्द तासातून दहादा वापरतो. आजोबांना तो माहीत नव्हता. कोर्तेझ खरं बोलत होता, एवढं मात्र कागदावर यायलाच हवं होतं.

"तुमच्यात येग्वाला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"घोडी."

"गोडी," ते म्हणाले. दोनदा म्हणून पाहिलं. "आणि काबायो?"

"घोडा."

"मग तुला समजतं," म्हणाले आणि हात कागदावरून उचलला.

मी दोन्ही 'हॉर्स' खोडून इंग्रजी मजकुरातच 'काबायो' आणि 'येग्वा' लिहिलं, खाली चार ओळींची टीप जोडली. नातीने ती त्यांना स्पॅनिशमध्ये वाचून दाखवली. चष्मा शोधायला वेळ लागला, मग त्यांनी संमतिपत्रावर सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली.