बँडची नोंदवही: पोळा ते २६ जानेवारी

मागची नोंद अक्षय तृतीयेची. तेव्हा मी दुसऱ्या रांगेत युफोनियम (खालच्या सुरांचं पितळी वाद्य) घेऊन बसत होतो. आता हातात तुराटीची काडी आहे आणि समोर वीस माणसं. तान्ह्या पोळ्याची गडबड आटोपली, त्याच रात्री सगळ्यांनी मिळून बँड माझ्याकडे सोपवला. आर्वीकडच्या आमच्या गावातला हा बँड सुपारी घेत नाही. हौसेनं जमतो, हौसेनं वाजतो. मी त्याचा चौथा मास्तर.

आधी काडीबद्दल, कारण बऱ्याच जणांना तेच विचारायचं असतं. विकतची काडी मला जड वाटली. म्हणून मागच्या हंगामातल्या वाळलेल्या तुराट्यांतली एक सरळ निवडली, चौदा इंच कापली, काचपेपरनं घासली आणि मुठीला बाटलीचं बूच बसवलं. बूच संपतं तिथे बोटावर ठेवली की काडी आडवी तोलून राहते. इतकी हलकी आहे की तासाभरानंतरही मनगट दुखत नाही. शाळेच्या वर्गातल्या पिवळ्या उजेडात मागच्या रांगेला दिसावी म्हणून पांढरा ऑइल पेंट दिला.

पहिल्या तीन तालमी वाईट गेल्या. मी हात खाली आणला की झांज आणि दोन ट्रम्पेट सुरू व्हायचे; बाकीचे थांबून भाऊच्या क्लॅरिनेटकडे पाहायचे. भाऊ म्हणजे आमचे तिसरे मास्तर. त्यांनी कधी काडी धरलीच नाही. पहिल्या खुर्चीवर बसून वाजवता वाजवता क्लॅरिनेटचं तोंड बोटभर वर उचलायचे, आणि त्या बोटभर हालचालीवर अख्खा बँड उठायचा. रात्रीच्या लाईनवर ओलित करायला शेतात जावं लागतं म्हणून त्यांनी जबाबदारी सोडली, खुर्ची नाही सोडली. मी अडखळलो की ते मायेनं तोंड उचलायचे आणि सगळे बरोबर शिरायचे. म्हणजे काडी मी हलवत होतो आणि बँड तेच चालवत होते.

चौथ्या तालमीला मोबाइल खिडकीत उभा करून स्वतःचं चित्रण केलं आणि घरी चार वेळा पाहिलं. हात ठीक होता: खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. पण हात वर जाताना माझं तोंड बंद, छाती गच्च. दुसऱ्या दिवशी भाऊंना दाखवलं. ते एकदाच पाहून म्हणाले, "तू दमच नाही घेत बे. तू नाही घेतला त आमी कुठून घ्याव?"

फुंकून वाजणाऱ्या बँडला सुरुवातीआधीची मात्रा श्वासानं द्यावी लागते. हात वर जातो तेव्हा मास्तरानं तोंड उघडून श्वास घ्यायचा, त्याच लयीत, त्याच जोरात. संथ तुकड्याला लांब श्वास, मार्चला झटकन. ते सुरू केलं त्या दिवशी वीसांतले चौदा-पंधरा एकत्र शिरले. क्लॅरिनेटचं तोंड वर जायचं तेव्हा भाऊंची छातीही वर जायची, हे मी इतकी वर्षं दुसऱ्या रांगेतून पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक तालमीनंतर एक गोष्ट लिहून ठेवतो: आज कोणत्या मास्तराचा हात दिसला.

पहिले मास्तर म्हणजे गुरुजी. शाळेत शिकवायचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा वारसा आमच्या भागात घरोघर आहे, गुरुकुंज मोझरीही लांब नाही. गुरुजींनी भजनी मंडळातल्याच पोरांच्या हाती जुनी क्लॅरिनेटं आणि कॉर्नेट दिली. वह्यांत सारेगम लिहून दिलं. हात हलवणं त्यांना ठाऊक नव्हतं. काठी फरशीवर आपटून ताल द्यायचे. फ्रान्सच्या दरबारातला संगीतकार लुली असाच जाड काठी आपटून ताल देई. १६८७ साली ती काठी त्याच्याच पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली आणि तो त्यातच गेला. गुरुजींच्या काठीनं कुणाला इजा केली नाही, पण आमच्या बँडच्या अंगात सम बसवली ती कायमची. पहिली मात्रा आली की सगळे त्यावर वजन टाकतात. ज्यांनी गुरुजींना पाहिलंही नाही ती पोरंसुद्धा.

दुसरे फौजीकाका. लष्करातल्या संगीताचं शिक्षण १९५० पासून पचमढीला मिळतं. काका तिथे शिकले, पलटणीच्या बँडमध्ये आयुष्य काढलं आणि पेन्शनीवर गावी आले. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत, त्यांनी आणलं. क्लॅरिनेटवर 'सी' वाजवला की हार्मोनियमवर काळी पाच (पाचवी काळी पट्टी) लागते आणि आल्टो सॅक्सोफोनवर तोच 'सी' काळी दोन होतो, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. त्याआधी बँड केवळ कानानं जुळत होता. तालमीची पहिली वीस मिनिटं नुसते लांब सूर. लय मिनिटाला १२०, घड्याळासारखी. सूर चढला की आमच्याकडे आजही कुणी 'शार्प' म्हणत नाही. "काकाले विचार," म्हणतात.

हे चढणं उन्हाळ्यात फार छळतं. हवा तापते तसा आवाजाचा वेग वाढतो, अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. पितळी वाद्यं चढतात आणि हार्मोनियमची पट्टी मात्र किंचित उतरते. मेमध्ये वर्ध्याकडे पारा ४५ च्या आसपास गेला की दोघांचं जमणं अवघड. काका हार्मोनियम बाजूला ठेवायला लावत आणि युफोनियमच्या सुरावर सगळ्यांना मिळवून घेत. आम्ही तेच करतो.

सूसाफोन म्हणजे अंगाभोवती वेढून खांद्यावर घ्यायचं मोठं पितळी वाद्य. ते वाजवणाऱ्या पोराला मी परवा सांगितलं की तुझ्या खांद्यावर एक बँडमास्तरच बसलाय. वाद्याला ज्याचं नाव आहे त्या सूसानं १८८० ते १८९२ अमेरिकेच्या मरीन बँडचं नेतृत्व केलं, मग स्वतःचा बँड काढला. सुरांचा आवाज बँडच्या डोक्यावरून पसरावा अशा बेताचं वाद्य त्याला हवं होतं, त्यातून हे घडलं. सुरुवातीला त्याचं तोंड आभाळाकडे होतं. समोर वळलं ते नंतर. पोरगा खूश झाला आणि त्या दिवशी त्यानं वाद्य घासूनपुसून आणलं.

आता मुख्य काम. इंग्रज संगीतकार होल्स्टनं १९०९ साली (तुकडोजी महाराजांच्या जन्माचं साल) लष्करी बँडसाठी लिहिलेल्या पहिल्या सुइटचा (अनेक भागांच्या रचनेचा) पहिला भाग आम्ही घेतलाय. आमच्या आवाक्याच्या थोडा वरचाच आहे. फ्रेंच हॉर्न आमच्याकडे नाहीत, म्हणून 'एफ' हॉर्नचा भाग एक पूर्ण स्वर वर चढवून आल्टो सॅक्सोफोनला लिहून दिला. दोन रविवार त्यात गेले. तुकड्याची सुरुवात युफोनियम आणि टूबा करतात. टूबाची ओळ आमच्याकडे सूसाफोन घेतो. आठ मापांची एकच ओळ, मापात तीन मात्रा. मग तीच ओळ एकेका वाद्यातून फिरत राहते.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत अडलो ते याच आठ मापांवर. तीन मात्रा ऐकल्या की साइड ड्रमवाल्यांच्या हाताला आपोआप दादरा येतो, आणि प्रत्येक मापाच्या पहिल्या मात्रेवर गुरुजींची सम दाणकन पडते. आठ मापांची एक ओळ व्हायची ती आठ तुकडे होऊन पडायची. मी "हलकं, हलकं" म्हणत राहिलो. उपयोग शून्य. गुरुजींची सवय मोडायचीच असं मनात धरून बसलो होतो, आणि तिथेच चुकत होतो.

कापसाच्या वेचणीत हजेरी अकरावर आली. त्या रिकाम्या तालमीत एकदा हार्मोनियमवर तबल्याचा लेहरा ऐकवत बसलो होतो. तीच ओळ फिरून फिरून, आणि सम एकदाच. तेव्हा डोक्यात शिरलं. पुढच्या गुरुवारी सांगितलं, "तीन मात्रांचं माप विसरा. चोवीस मात्रांचं एक आवर्तन धरा. सम फक्त आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर." बोलून दाखवलं, हातावर टाळी देऊन मोजून घेतलं, तोंडानं म्हणून घेतलं (ही पद्धत काकांची), मग वाजवलं. दुसऱ्याच फेरीला ओळ एका श्वासात वाहिली. मीही हात बदलला: पहिल्या मापाचा ठोका ठळक, बाकी सात मापं लहान, मनगटापुरती.

२६ जानेवारीला शाळेच्या मैदानात झेंडावंदनानंतर पहिली पाच आवर्तनं वाजवली. लय मिनिटाला ७२ ठेवली होती. शेवटी ८० च्या पुढे गेली. गर्दी पाहून वेग वाढतो, तो भाऊंच्या काळातला हात, आणि मला तो पूर्ण काढायचा नाही. लोकांकडे झेपावणारा बँड मला आवडतो. चौथ्या आवर्तनात ट्रॉम्बोन अर्धी मात्रा उशिरा शिरले. चूक माझी, मी त्या वेळी ट्रम्पेटकडे पाहत होतो.

सुरू करण्याआधी भाऊंनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं, तोंड खाली. मी काडी उचलली, श्वास घेतला, आणि वाद्य ओठाला लावताना ते माझ्याकडे पाहत होते.

गुरुवारी फक्त दोघे ट्रॉम्बोनवाले आणि मी. चौथं आवर्तन, संथ लयीत, आणि त्यांच्या प्रवेशाआधीची मात्रा त्यांच्याकडे पाहून देणं.