सीजे थ्रीबी पॉवर स्टीअरिंग: अर्ध्या फेरीचा जडपणा अखेर गेला

माझ्या जुन्या सीजे थ्रीबी जीपवर मी पॉवर स्टीअरिंग चढवलंय, आणि तेव्हापासून स्टीअरिंग फिरवताना मध्येमध्ये जड लागायचं. मागच्या वेळी लिहिलेला तो जडपणा काल संध्याकाळी गेला. पंप, बॉक्स (स्टीअरिंगचा गिअरबॉक्स), तेल, काहीही बदलावं लागलं नाही, आणि बोल्ट-नट सोडले तर नवा पार्ट एकही लागला नाही. आज जरा सविस्तर लिहितोय, कारण जुन्या जीपवर पॉवर बॉक्स चढवणाऱ्या कुणालाही हे भोगावं लागू शकतं, आणि जो तो पंपालाच धरतो.

गाडी तीच, पूजो एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिनवाली. बेलक्रँक (मधला फिरता दुवा) काढून दोन्ही चाकं जोडणारा एकसंध टाय रॉड, बॉक्स उजव्या चेसिसच्या तोंडाशी बाहेरच्या अंगाला, पंप १० एमएम प्लेटच्या ब्रॅकेटवर. पुली आता पट्ट्याच्या रेषेत आली आहे, सकाळच्या पहिल्या स्टार्टला येणारी किंचाळीही बंद झाली.

त्रास असा होता: स्टीअरिंगचं चाक फिरवताना जड, हलकं, जड, हलकं. उभ्या गाडीत फार कळायचं नाही. पण इथे गोव्यात साखळीहून केरी सोडून चोर्ला घाटाच्या चढाला लागलं की प्रत्येक हेअरपिनला स्टीअरिंग एका जागी अडल्यासारखं व्हायचं आणि जोर लावला की पुढे एकदम धावायचं. गाडी वळणात हवी त्यापेक्षा आत घुसायची. घाटात समोरून बेळगावची बस येत असताना हे चालणारच नाही.

सगळ्यांनी तेलात अडकलेली हवा हे कारण सांगितलं. हवा काढण्याची रीत मी पुन्हा पहिल्यापासून केली: पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद, टाकीचं झाकण उघडं, आणि सावकाश लॉक टू लॉक, म्हणजे स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू करून तेच. तेल स्वच्छ लाल, फेस नाही, पंपाचा हुंकार नाही. जडपणा जागच्या जागी.

आमचे मेकॅनिक मेस्त म्हणाले, "पंपच बदल रे, भंगारातला पंप तो, त्याचा काय भरवसा!" मेस्तांचा हात मी मानतो, पण पंप फेकण्याआधी प्रेशर बघायचं ठरवलं. डिचोलीकडे हायड्रॉलिक होज (जाड दाबाच्या नळ्या) क्रिम्प करणारे, म्हणजे त्यांची टोकं दाबून बसवणारे कारागीर अजून आहेत. इथल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, पण पोकलेनचे होज बनवणारे हात इथेच राहिले आणि ते हात फार चांगले आहेत. माझा हाय प्रेशर होज तिथलाच, एक थेंब गळलेला नाही. त्यांनीच टी जोडून गेज लावून दिला. फुल लॉकला ८५ बारच्या आसपास, आणि लॉकला पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही ही ताकीदही दिली. मुख्य गोष्ट पुढे: चाक जड लागायचं त्या क्षणी गेजचा काटा पडत नव्हता. पंप निर्दोष.

मग स्टीअरिंगच्या रिमवर मास्किंग टेप लावायला घेतली. चुलतभावाने गेटजवळच्या मोकळ्या जागेत गाडी हळू गोल फिरवली, मी शेजारी बसून जिथे जड लागेल तिथे तुकडा चिकटवत गेलो. दोन लॉकच्या मधलं सगळं झाल्यावर रिम बघितली तर तुकड्यांचे दोनच गठ्ठे, बरोबर समोरासमोर. अर्ध्या फेरीवर जड, परत अर्ध्या फेरीवर जड. बॉक्सच्या आतलं काही झिजलं असतं तर जडपणा लॉक टू लॉकमध्ये एकाच जागी आला असता. चाकाच्या एका फेरीत दोनदा येणारी गोष्ट स्टीअरिंगमध्ये एकच: यूजे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, दोन दांडे कोनात जोडणारा सांधा.

थोडं गणित, कारण खरी गंमत इथेच आहे. यूजे वाकवून फिरवला की बाहेरचा दांडा एकसारखा फिरत नाही. सांधा ३० अंशांत असेल तर वेग एका फेरीत दोनदा ०.८७ पर्यंत उतरतो आणि दोनदा १.१५ पर्यंत चढतो. म्हणून दोन यूजे लावतात, पहिल्याची चूक दुसरा खातो. त्यासाठी दोन यूजेंच्या मधल्या शाफ्टचे दोन्ही योक (टोकांचे दोन कानांचे चिमटे) एका रेषेत हवेत, हे प्रोपेलर शाफ्ट खोललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझे योक रेषेत होते, अगदी पट्टी लावून बघितलेले.

अडलं होतं ते इथे. प्रोपेलर शाफ्टमध्ये गिअरबॉक्सचा दांडा आणि डिफरेन्शियलचा दांडा एकाच उभ्या प्रतलात असतात, म्हणून "योक सरळ रेषेत" हा नियम तिथे चालतो. आपल्या स्टीअरिंगमध्ये कॉलम, म्हणजे चाकाचा दांडा, वरून खाली येतो, मधला शाफ्ट खाली जाता जाता बाहेरही जातो आणि बॉक्सचा दांडा तिसऱ्याच दिशेला तोंड करून असतो. दोन सांधे दोन वेगळ्या प्रतलांत वाकलेले. अशा वेळी योक एकमेकांशी तेवढ्याच कोनात फिरवावे लागतात जेवढा कोन त्या दोन प्रतलांमध्ये आहे. मूळ सीजेला ही भानगडच नव्हती, कॉलमचा दांडा थेट बॉक्समध्ये.

कोन मोजायला पुठ्ठ्याची गोल चकती कापली, एका बाजूने चीर देऊन मधल्या शाफ्टवर काटकोनात बसवली. मग वरच्या टोकाकडून, एक डोळा मिटून, शाफ्टच्या रेषेत बघायचं आणि कॉलम ज्या बाजूला सुटतो तिकडे चकतीवर रेघ मारायची. खालच्या टोकाकडून बॉक्सच्या दांड्याची रेघ. जागा अडचणीची, उजव्या मडगार्डच्या आत मान घालून, एका हातात आरसा आणि दुसऱ्यात पेन्सिल. दोन रेघांमध्ये पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक ठेवला: ४० अंश.

सांध्यांचे स्वतःचे कोन वर ३० आणि खाली २४. हे सगळं धरून हिशेब केला तर माझे दोन सांधे मिळून एकट्या ३० अंशांच्या सांध्यापेक्षाही वाईट वागत होते. "बरोबर" बसवलेले असून!

माझ्या शाफ्टच्या टोकांना ३६ दातांचे स्प्लाइन (योक बसतो ते उभे दाते) आहेत, म्हणजे एक दात सरकवला की १० अंश. बोल्टची खाच शाफ्टभोवती पूर्ण गोल फिरते, त्यामुळे योक कुठल्याही दातावर बसतो. बरेच जण दोन शाफ्ट कापून मध्ये वेल्ड मारतात. स्टीअरिंगच्या शाफ्टला घरचं वेल्डिंग मला मान्य नाही, आणि ते केलं असतं तर आज हा दात सरकवताही आला नसता.

खात्रीसाठी आधी मुद्दाम उलट दिशेला एक दात फिरवून बघितला. जडपणा स्पष्ट वाढला. वाढला तेव्हा जो आनंद झाला तो तुम्हीच समजू शकाल, रोग सापडल्याचा पुरावा होता तो. मग योग्य दिशेला चार दात. दिशा ओळखायची खूण: शाफ्ट फिरवून वरच्या योकचे कान कॉलमच्या रेघेवर आणा, त्याच वेळी खालच्या योकचे कान बॉक्सच्या रेघेवर आले पाहिजेत. योक शाफ्टवर आवळणारे पिंच बोल्ट नवे, नायलॉक नट, टॉर्क रेंचने.

काल संध्याकाळी चोर्ल्यापर्यंत जाऊन आलो. चाक एका बोटाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं. ३० आणि २४ मधल्या फरकामुळे वेगात अजून ५ टक्क्यांच्या आसपास चढउतार उरतो, पण हाताला लागत नाही.

क्रॉसबद्दल, म्हणजे यूजेच्या मधल्या चार हातांच्या तुकड्याबद्दल, एक सांगतो. स्टीअरिंगचे क्रॉस स्वस्तात घेऊ नका. एका दुकानातून आणलेल्या जोडीत कपातल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) हाताने हलवल्या तरी खडखडत होत्या, परत केली. बेळगावहून आणलेली जोडी घट्ट आणि गुळगुळीत फिरते, पैसे जास्त गेले पण वसूल.

पुढचा बेत ३१ इंची टायर्सचा होता, तो लांबणीवर टाकतोय. वजनदार टायर आणि पॉवर बॉक्स मिळून चेसिसचं तोंड पिळतात. पहिल्यांदा बॉक्सच्या बोल्टना चेसिसच्या आरपार स्लीव्ह आणि पलीकडच्या रेलपर्यंत आडवा ब्रेस. वळण सुटल्यावर चाक आपणहून मध्ये येत नाही, त्यासाठी स्प्रिंगखाली पाचर घालून कास्टर (पुढच्या चाकाच्या वळणाच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) वाढवायचा होता, तेही ब्रेसनंतरच.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: कॉलमचा खालचा बेअरिंग फायरवॉलच्या प्लेटवर आहे. ती प्लेट थोडी बाहेर सरकवली तर वरचा कोन ३० वरून २४ च्या जवळ येईल आणि उरलेले ५ टक्केही जातील. मग प्रतलं बदलणार, चकती पुन्हा बसवावी लागणार, कदाचित दातही सरकवावा लागेल. हे काम मी ब्रेसच्या आधी घेतो, कारण बॉनेट आणि मडगार्ड आत्ता खोललेलीच आहेत. चवथीच्या गडबडीआधी प्लेट कापून होईल.

ज्यांचा बॉक्स चेसिसच्या आतल्या अंगाला आहे त्यांनी अशीच चकती बसवून कोन कळवा. माझ्याकडे बाहेरच्या बॉक्सचाच आकडा आहे, आणि प्लेट किती सरकवायची ते ठरवायला दुसरा हाताशी हवा.